पाडव्याच्या रात्री वावरात

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. ओलिताची लाईन रात्रीची असली की तुम्ही वावरात जागेच असता. दांडाला पाणी लागलं की धुऱ्यावर बसून वर पाहता. त्याच आभाळाच्या फोटोबद्दल आज बोलायचंय. त्याला लाखाचा कॅमेरा लागत नाही. खिशातला मोबाईल पुरतो. फक्त तो हलायला नको.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. चंद्राची नखाएवढी कोर दिवेलागणीबरोबर खाली गेलेली. पुरणपोळी खाऊन मी आणि काकाजी संत्र्याच्या बागेत ओलिताला आलो. सोडून ठेवलेल्या बैलबंडीवर दोन विटा मांडल्या, मधे मोबाईल उभा केला, मागे चिंधीची घडी, वरून सुतळीचा वेढा. तोंड मावळतीला, तिकांड्याकडे, म्हणजे मृगातल्या त्या तीन ओळीतल्या ताऱ्यांकडे. कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सगळं आपल्या हातानं ठरवायची सोय. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची तीव्रता, 800. शटर, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहायचा वेळ, 15 सेकंद. टायमर 3 सेकंद. बटण दाबलं आणि हात मागे घेतला.

पावणेआठ झाले असतील. काकाजी एकदम उभे राहिले. "बाप्पा! कोनाचं इमान जळून राह्यलं ना रे!"

मावळतीकडून जळते गोळे येत होते. एकामागे एक, प्रत्येकाला लांब शेपूट, आणि चाल इतकी संथ की डोळ्यांनी मोजत राहावं. उल्का सेकंद-दोन सेकंदांत विझते. हे विझेचना! पहिला फोटो निघाला. मग गोळे पुढे सरकले तसा मी मोबाईल उचलला, त्यांच्यामागे फिरवला, दुसरा काढला. त्यात काही नाही, नुसता गिचका. पहिल्यात मात्र तिकांडं ठसठशीत, आणि त्याच्या बाजूनं तीन तेजस्वी रेघा.

सकाळी कळलं, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी पडली, तीनेक मीटर व्यासाची. चिनी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा हवेत शिरून जळाला होता. वरून काही पडणं आपल्या विदर्भाला नवं नाही, लोणारचं विवर अशनी आदळूनच झालं. पण पडताना बघायला मिळणं वेगळंच.

म्हणून पुन्हा सांगतो, बटण दाबल्यावर हात लावायचा नाही. टायमर लावा आणि दूर व्हा. शटर वीस सेकंदांच्या वर नेऊ नका. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, तारे ठिपक्यांऐवजी रेघोट्या होतात. फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात दूरच्या टोकाला. एकाच जागेचे वीस-पंचवीस फोटो काढून सिक्वेटर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं एकावर एक रचले की फोटोतला दाणेदारपणा जातो.

आणि अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. खरं तर आता अमावस्याही पुरत नाही. आमच्या चौकात हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, लागला तेव्हापासून अंगणातून कृत्तिकेचा पुंजका दिसत नाही. उजेड रस्त्यावर पडावा, वर कशाला? दिव्याला वरून टोपी बसवली तर रस्ताही उजळेल आणि आभाळही राहील. ग्रामसभेत मी हे मांडलंय, पुढच्या सभेतही मांडणार आहे.

तो फोटो आमच्या ओसरीत लावलाय. पाहुणा आला की काकाजी त्याला तिथं नेतात, आधी तिकांड्यावर बोट ठेवतात आणि मग हळूच त्या तीन रेघांवर.

नमस्कार.