नेट नेमकं कुठं अडलंय?

नमस्कार श्रोतेहो.

रात्री आठ-साडेआठला घरात मालिका, मुलांचा अभ्यास आणि पाहुण्यांचा व्हिडिओ कॉल असं सगळं एकदमच सुरू होतं. नेमकं त्या वेळी आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीत एक वाक्य ऐकू येतं. "नेट चालंना गेलंय ओ, तुमच्याकडं हाय का?" आपण ते वैतागून म्हणतो, पण प्रश्न मोठा शहाणा आहे. शेजाऱ्याची आणि आपली कंपनी एकच असेल आणि त्याचं नेट चालू असेल, तर बिघाड आपल्या वायरीत किंवा आपल्या घरात. त्याचंही बंद असेल तर खांबावर किंवा त्याच्याही पलीकडं. तक्रार करण्याआधी एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

शेतात शेवटच्या सरीला पाणी पोचंना म्हणून कुणी लगेच नवी विहीर खोदायला घेत नाही. आधी मोटर बघतो, मग पाइपलाइनीच्या कडेनं चालत जातो. नेटचंही तसंच बघायचं. बाहेरून येणारी फायबर, घरातला डबा म्हणजे राउटर, आणि डब्यापासून मोबाइलपर्यंतचं वायफाय, असे तीन टप्पे. तिसऱ्या टप्प्यातल्या दुखण्यासाठी पहिल्या टप्प्यातल्या माणसाला शिव्या खाव्या लागतात, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

फायबर म्हणजे काचेचा धागा. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले १२५, आणि ज्यातून प्रकाश धावतो तो आतला गाभा तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. हा धागा तुटायलाच पाहिजे असं नाही, नुसता जोरात मुडपला तरी प्रकाश वाटेतच बाहेर पडतो. म्हणून दाराच्या फटीत केबल चेंगरू देऊ नका, कोपऱ्यावर खिळा ठोकून काटकोनात वळवू नका. या केबलीचे आपल्याकडचे वैरीही बघा. उसाच्या हंगामात उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या केबली ओढत नेतात. मिरवणुकीतल्या डीजेच्या गाड्याही तेच करतात. रस्ता रुंद करणारा जेसीबी जमिनीतली केबल मुळासकट उपटतो. वानरं लोंबकळतात, खारी आणि उंदीर कुरतडतात. त्यामुळं जोडणीच्या दिवशीच लाइनमनला म्हणावं, "दादा, रस्ता ओलांडताना उंच बांधा, आणि घरापाशी दोन-तीन मीटर जास्तीची सोडा." पुढं जोड द्यायची वेळ आली तर ती कामाला येते.

जोडणी ठरवण्याआधीच विचारायचा एक प्रश्न मात्र फार कमी लोक विचारतात. फायबर थेट माझ्या घरातल्या डब्यापर्यंत येणार, की खांबावरच्या पेटीपर्यंतच, आणि तिथून पुढं तांब्याची लॅन केबल? थेट घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या वाटेवर जो वाटपाचा डबा असतो, ज्यातून एका धाग्याचे बत्तीस किंवा चौसष्ट घरांना फाटे जातात, त्याला वीज लागतच नाही. खांबावरच्या पेटीतल्या स्विचला, म्हणजे लॅन केबलींत नेट वाटणाऱ्या यंत्राला, मात्र वीज लागते. गल्लीतली लाइट गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट जातं ते यामुळं. शिवाय मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाबरोबर आपल्याकडं विजा कशा कडाडतात ते सांगायला नको. काचेतून वीज वाहत नाही, तांब्यातून वाहते. बाहेरून लॅन केबल येत असेल तर आभाळ भरून आल्यावर ती डब्यातून काढून ठेवा, आणि अ‍ॅडॉप्टर तर सगळ्यांनीच काढा. कडकडाट सुरू झाल्यावर काढायला धावू नका, आधीच काढा.

आता डब्याकडं वळू. त्याच्यावरचे दिवे वाचता आले की निम्म्या अडचणी ओळखता येतात. पॉन असं लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरून प्रकाश नीट येतोय. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाही. मग वायफायचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही. मागची हिरव्या टोकाची बारीक वायर घट्ट बसलीय का तेवढं बघा आणि तक्रार नोंदवा. ते टोक काढून आत डोकावू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नका, बोटाचा तेलकटपणा तिथं पुरेसा त्रास देतो.

लाइनमन आला की त्याच्या पॉवर मीटरवरचा, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, आकडा विचारायला लाजू नका. आकडा डीबीएम या मापात आणि उणेमध्ये येतो. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर छान. उणे २७ च्याही खाली गेला तर नेट आज चालेल, उद्या पडेल. यात तीनचा फरक पडला की प्रकाश निम्मा झाला असं समजा. "चालू झालंय बघा" एवढ्यावर त्याला जाऊ देण्यापेक्षा आकडा वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळी उणे २१ चं उणे २६ झालेलं दिसलं, तर कुठंतरी जोड बिघडलाय हे तुम्हीच त्याला सांगाल.

पॉन हिरवा आहे, लाल काही नाही, तरी इंटरनेटचा दिवा लागत नाही, असंही होतं. आधी रिचार्ज संपलाय का बघा. हसू नका, हे फार घरांत घडतं. नसेल तर डबा बंद करून मिनिटभरानं चालू करा. मागं बारीक भोक असतं, त्यात टाचणी मात्र घालू नका. त्यानं डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो, कंपनीनं भरलेलं युजरनेम आणि सेटिंग पुसलं जातं, आणि किरकोळ दुखणं मोठं होऊन बसतं. जोडणीच्या दिवशी ते युजरनेम आणि पासवर्ड कागदावर मागून घ्या, डब्याखालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. स्टिकरवरचा वायफाय पासवर्ड तेवढा बदला.

सगळ्यात जास्त रड असते ती घरातल्या रेंजची. जोडणारा माणूस केबल जिथून आत येते तिथंच, म्हणजे दाराजवळ, डबा लावून मोकळा होतो. त्याला दिवसात अजून घरं करायची असतात. आणि मग मागच्या खोलीत नेट नाही म्हणून आपण वर्षभर कुरकुरतो. माळवदाच्या जुन्या घरात दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती असतात. उन्हाळ्यात त्या थंडावा देतात, पण वायफाय पलीकडं जाऊ देत नाहीत. पत्र्याच्या खोलीत पत्रा लहरी परतवतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याकडं सिमेंट-लोखंडाची घरं वाढली, त्यातला स्लॅबही वरच्या मजल्याला जाणारी रेंज खातो. डबा घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटावर, फ्रिजशेजारी नको. टीव्हीच्या शोकेसमध्ये, झालर लावून, देवासारखा बसवलेला तर नकोच नको.

डब्यातून दोन नावांचं वायफाय येतं. २.४ गिगाहर्ट्झचं हळू, पण भिंती ओलांडतं. ५ गिगाहर्ट्झचं जलद, पण भिंतीला थकतं. डब्याच्या खोलीत ५ वापरा, मागच्या खोलीत २.४. लातूरला शिकवणीच्या मुलांनी भरलेल्या इमारतीत मजल्यावर दहा-बारा डबे असले की २.४ ची अगदी गर्दी होते. तिथं सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा निवडून बघावा. मोठ्या वाड्यात मात्र कुठल्याच अँटेनाच्या नादी लागू नका. मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा आणि तिथं दुसरा डबा लावा. खर्च एकदाच होतो, आणि तो वाया जात नाही.

स्पीडचा हिशेबही एकदा समजून घेऊ. कंपनी सांगते ते मेगाबिट असतात, फोन दाखवतो ते बहुतेक वेळा मेगाबाइट. आठनं भागा. ४० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, त्यात फसवणूक काही नाही. सरकारनं ब्रॉडबँडची किमान मर्यादा २०२३ मध्ये सेकंदाला ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिटांवर नेली. तेवढ्यात आजचं कुठलंच घर भागत नाही, तो भाग वेगळा. स्पीड मोजायचीच तर लॅपटॉप लॅन केबलनं जोडून मोजा. वायरीवर पूर्ण आणि मोबाइलवर कमी, तर दोष वायफायचा. १०० पेक्षा मोठा प्लॅन असून वायरीवर आकडा नव्वद-पंचाण्णवलाच अडकला, तर केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलीय किंवा केबल खोचायचं पोर्टच १०० चं आहे. वायरीवर सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मं, तर मात्र कंपनीकडं क्षमता कमी आहे, आणि तिथं भांडायचा तुम्हाला हक्क आहे. त्याआधी घरात कुणाच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ गुपचूप वर चढत नाहीत ना, आणि महिन्याची डेटा मर्यादा संपली नाही ना, एवढं तपासा.

लाइट जाण्याचा त्रास असलेल्या गावात १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या. घेताना डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

तक्रार करताना "नेट नाही" एवढंच म्हटलं तर समोरचा तुम्हाला डबा बंद-चालू करायला लावतो. त्याऐवजी म्हणा, "एलओएस लाल आहे, शेजारचंही बंद आहे." किंवा, "पॉन हिरवा आहे, वायरीवर मोजलं, शंभरच्या प्लॅनला तीसच येतंय." तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्यानंही काही हललं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं तो नंबर देऊन दाद मागता येते. आणि बंद राहिलेल्या दिवसांचं भाडं बिलातून वजा करायला लेखी सांगा, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

नमस्कार.