हवा दमट, फरशी कोरडी

(दृश्य: पुण्यातला फ्लॅट, आषाढातला पाऊस. कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा, जाळी आणि काचेचा पिंजरा.)

हा बंड्या. ग्रीन इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा मोठा सरडा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ पाच फूट, आणि त्यातली निम्म्याहून जास्त नुसती शेपटी. याच्या जातीचं मूळ घर मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतची नदीकाठची रानं. तिथं इग्वाना झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो आणि धोका दिसला की सरळ पाण्यात उडी मारतो. त्याची घाण खाली पडते, ती पुन्हा अंगाला लागत नाही. इथं शी, सांडलेलं पाणी आणि अर्धवट खाल्लेला पाला त्याच्या पोटाखालीच साठतो. पाळलेल्या सरड्यांचे त्वचारोग बहुतेक इथूनच सुरू होतात.

(दृश्य: पोटावरचे खवले, अगदी जवळून.)

निरोगी पोट असं दिसतं. खवले सपाट, एकसारखे, कोरडे. ओल्या, घाणेरड्या जागेवर सतत बसणाऱ्या इग्वानाच्या याच खवल्यांवर आधी तपकिरी डाग पडतात, मग पाण्याचे फोड येतात. फोड फुटले की आत जिवाणू शिरतात.

इग्वानाला दमट हवा लागतेच. हायग्रोमीटरवर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर, सत्तर टक्के दिसतायत, ते योग्य आहे. दमटपणा कमी पडला तर कात नीट सुटत नाही. पण हवेतला ओलावा वेगळा आणि बुडाखालची ओल वेगळी. ही एक गोष्ट नीट कळली तर निम्मे आजार येणारच नाहीत. म्हणून खाली वाळू नाही, कोकोपीट नाही, लाकडाचा भुसा नाही. खाली रद्दीचा पेपर. ओला झालेला लगेच दिसतो, गुंडाळून टाकता येतो.

(दृश्य: पाण्याचा टब.)

इग्वानाला पाण्यात शी करायची सवय असते. सफाई करणाऱ्याच्या दृष्टीनं ही सोय आहे, फक्त टब रोज रिकामा व्हायला हवा. हेच पाणी तो पितो, त्यातच डुंबतो. पाणी संडासात ओतायचं. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही.

आता आठवड्याची मोठी सफाई. बंड्या तोवर पडद्याच्या दांडीवर.

पहिल्यांदा साबण आणि गरम पाणी. काचेवर चिकटलेले हे पांढरे खडे म्हणजे वाळलेलं युरिक आम्ल, सरड्याची लघवी. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवलं की ते मऊ पडतं, खरवडावं लागत नाही. आणि हे बारीक पांढरे ठिपके? ते मीठ. इग्वाना शरीरातलं जादा मीठ नाकावाटे शिंकून टाकतो. बरेच जण सर्दी समजून घाबरतात. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

साबणाचा हात फिरल्याशिवाय जंतुनाशक वापरू नका. घाणीचा थर तसाच असेल तर ब्लीच त्या थरातच वाया जातं, खालचे जंतू शाबूत राहतात. घाई करणारे नेमके इथंच चुकतात. घासून, धुऊन झालं की मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी. ते फवारायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. औषधाला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर साध्या पाण्यानं भरपूर धुवायचं, वास पूर्ण जाईपर्यंत. ब्लीच संडासाच्या ॲसिडबरोबर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

(दृश्य: फिनाईलची बाटली, कपाटात परत ठेवली जाते.)

आपल्या घरात फरशी म्हटलं की फिनाईल. पिंजऱ्यात ते चालत नाही. त्यातलं फिनॉल किंवा पाइन तेल सरड्यांना विषारी असतं.

फांदी पेरूची आहे. लाकूड सच्छिद्र असतं, ते काचेसारखं निर्जंतुक होत नाही. म्हणून दोन फांद्या. एक आत, दुसरी धुऊन वाळत. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आत जात नाही.

(दृश्य: बोटं, नखं, शेपटीचं टोक.)

इग्वानाची कात सापासारखी अखंड उतरत नाही, तुकड्यांनी निघते. या बोटाभोवती बघा, जुन्या कातीची अंगठी राहिलीय. ती आवळत जाते आणि बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवायचं, मग ओल्या फडक्यानं हलकेच फिरवत सोडवायचं. ओढायचं नाही.

दिव्याभोवती जाळी आहे. उघड्या बल्बला चिकटून बसलेले सरडे भाजतात, आणि भाजलेली जागा म्हणजे संसर्गाला उघडं दार. दिव्याखाली पस्तीस अंश, सावलीच्या बाजूला सव्वीस-सत्तावीस. थंड पडलेल्या सरड्याची प्रतिकारशक्तीही थंड पडते.

डाग, खपली किंवा गाठ दिसली तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा. खाजेची दुकानातली मलमं लावू नका, त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. सरड्याचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. गाठ दाबून तो निघत नाही, कापून काढावी लागते.

(दृश्य: साबणानं हात धुताना.)

इग्वानाच्या पोटात साल्मोनेला जंतू असू शकतात, तो स्वतः ठणठणीत असला तरी. म्हणून दरवेळी हात असे धुवायचे, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर इग्वाना आणायचाच नाही. घोरपड पाळणं आपल्याकडे गुन्हा आहे. इग्वाना पाळता येतो, पण 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते.