ऑइलचा दिवा आणि खालचा आवाज

(जुन्या गाड्यांच्या पुण्यातील मालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, जुनी गाडी बाळगणाऱ्याला पुण्यात दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. एक घरच्यांचं, ते सोडून देऊ. दुसरं गॅरेजमधलं: "साहेब, ऑइल पंप गेलाय." खंबाटकी चढून आलेली प्रीमियर पद्मिनी सिग्नलला उभी राहिली आणि तेलाचा दाब कमी झाल्याचा तो ऑइलचा दिवा लुकलुकला, की निदान तयार. माझं म्हणणं एवढंच, की पंपावर संशय सगळ्यात शेवटी घ्या, आणि दाब मोजणारं गेज लावल्याशिवाय कुणालाही चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला, पाना लावू देऊ नका.

पंप दाब तयार करत नाही. तो तेल ढकलतो. दाब येतो तो त्या तेलाला बाहेर पडायला वाट अरुंद असते म्हणून. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, आणि तो ज्यात फिरतो त्या बेअरिंगमधली फट नव्या इंजिनात मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांशाएवढी असते. ती दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, जवळपास आठपट होते. कारण फटीतला प्रवाह तिच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सोसायटीत खालच्या मजल्यांवरचे सगळे नळ उघडे असले की वरच्यांना थेंब थेंब येतं ना, तसंच. इंजिनात वरचा मजला म्हणजे हेडमधले, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर. म्हणून बेअरिंग खाली झिजतं आणि टॅपेट, म्हणजे तिथलीच व्हॉल्व्हची यंत्रणा, वर ओरडतात, अन् आपण टॅपेट ॲडजस्ट करत बसतो.

आता क्रम. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि तेल मोजायची पट्टी काढून बघा. दिवा फक्त घाटातल्या वळणावर लागत असेल तर बहुतेक वेळा तेलच कमी असतं. ते एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाची जाळी हवा ओढते. पण पातळी वाढलेली दिसली तर जास्त घाबरा. कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. पट्टीचा वास घ्या, लगेच कळतं. डेक्कन ते कोथरूड एवढंच रोज फिरणाऱ्या गाडीत तेल पुरतं तापत नाही, मग त्यातलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही, खाली गाळ साचतो. तेल दुधाळ कॉफीसारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. तेव्हा हेडचं पॅकिंग आधी तपासा.

मग स्विच. दाब चौरस इंचाला साधारण पाच पौंडांच्या आसपास उतरला की दिवा लावणारा तो स्वस्त तुकडा. तो बिघडला किंवा त्याची वायर बॉडीला टेकली तरी दिवा लागतोच. तो काढा आणि त्याच आट्यांत मेकॅनिकल गेज बसवा. गाडी चांगली तापवून वाचा. गाडीच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच प्रमाण. नाही मिळाला तर हजार आरपीएमला दहा पौंड हा जुना ठोकताळा. दाब थंड असताना छान आणि तापल्यावर पडतोय, म्हणजे तेल पातळ किंवा फट मोठी. रेस दिल्यावर आधी चढतो आणि मग घसरतो, तर जाळी चोंदली असेल. थंड असतानाही कुठल्याच वेगाला चढत नाही, तर जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय किंवा मग, हो, पंप.

आवाजाकडे येऊ. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावायची ही आपल्या मिस्त्रींची पद्धत मला अजूनही पटते. पट्टा आणि पंखा सांभाळा फक्त. टॅपेटचा आवाज बारीक, वरून, क्रँकच्या निम्म्या वेगानं येतो. थंडीत सकाळी खडखडून तापल्यावर गप्प होणारा आवाज बहुधा पिस्टनचा. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं राहता येतं. एक्झॉस्टच्या पॅकिंगची गळती तर हुबेहूब टॅपेटची नक्कल करते. पण तापल्यावर वाढणारा, खालून येणारा, रेस सोडता सोडता ठक्-ठक् करणारा जड आवाज म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. एकेका प्लगची वायर क्षणभर काढून बघा, ज्याची काढल्यावर ठोका दबतो तो सिलिंडर गुन्हेगार. हा आवाज आणि दिवा एकदम आले तर "घरापर्यंत तरी जाऊ" असं म्हणायचं नाही. तिथेच चावी फिरवून इंजिन बंद करा, टो करा.

जाड तेल भरून दिवा घालवणं हा उपाय नाही, गाडी विकणाऱ्याची युक्ती आहे. तापलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० हे ३० ग्रेडपेक्षा बरंच दाट राहतं, गेज वर सरकतं, फट तशीच. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी पट्टीवरचं तेल बोटांत चोळून बघा.

इंजिन उघडलंच तर बेअरिंगचे पत्रे हातात घ्या. करडा थर जाऊन तांबूस रंग दिसला की ते संपले. क्रँक मापून, लागलं तर ०.२५ मिलिमीटरनं ग्राइंड करून त्याच मापाचे पत्रे आणायचे. नाना पेठेत पद्मिनीचं सामान शोधताना डबीवरचा आकडा स्वतः वाचा. लेथवरून आलेल्या क्रँकच्या तेलवाटा बूच काढून धुतल्या का, हेही विचारा. तिथे राहिलेली कीस नवे पत्रे पहिल्याच फेरीत खाते. इंजिन बांधून झालं की प्लग काढा, गेजचा काटा हलेपर्यंत नुसत्या स्टार्टरवर फिरवा, आणि मगच प्लग लावून गाडी सुरू करा.