आधी माशांना विचारा

(पुण्यात गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

सिंहगडाच्या परिसरात रामेठ्याची झुडपं दिसतात. पिवळ्या फुलांचे गेंद असतात त्यांना, तुमच्यापैकी कित्येकांनी फोटोही काढले असतील. डोंगरातले लोक पूर्वी हेच झाड ठेचून ओढ्याच्या डोहात टाकायचे. थोड्या वेळानं मासे झिंगून वर यायचे. गेळ्याची फळंही त्यासाठी वापरायचे. आज मला विषय दिलाय ‘नैसर्गिक कीड-रोग नियंत्रण’, तेही ॲक्वापोनिक्समधलं, म्हणजे मासे आणि भाज्या एकाच फिरत्या पाण्यावर वाढवताना करायचं, म्हणून आधीच सांगून टाकतो: रामेठाही नैसर्गिकच आहे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. कोथरूडला माझ्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, तीत कोई मासे, आणि वर खडीच्या वाफ्यांत वांगी, पालक, पुदिना. टाकीतलं पाणी वाफ्यांत जातं आणि खडीतून परत टाकीत येतं. एका मे महिन्यात वांग्यावर मावा आला, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे. कुंड्यांना जे करत आलो तेच केलं. कडुनिंबाचं तेल घेतलं, ते पाण्यात मिसळेना म्हणून भांडी घासायचं लिक्विड घातलं, तेही सढळ हातानं, आणि फवारलं. रात्री वळीव कोसळला. पानांवरचं सगळं खडीत, खडीतून टाकीत. सकाळी मासे वर तोंडं काढून धापा टाकत होते. अकरातले सात दुपारपर्यंत गेले. मावा चार दिवसांनी परत आला, तो ठणठणीत होता.

साबण माशाच्या कल्ल्यांवरचा नाजूक थर खराब करतो, आणि त्याचा श्वास कल्ल्यांतूनच चालतो. वर तेलाचा तवंग, तो पाण्यात हवा मिसळू देत नाही. शिवाय ही सगळी व्यवस्था खडीतल्या जिवाणूंच्या जिवावर चालते. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडं खातात. जिवाणू मेले की उरलेले मासे स्वतःच्याच घाणीत मरतात. म्हणून मुळं कुजायला लागली की हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, हा मातीविना शेतीतला सल्ला आपल्याकडे चालत नाही.

आता बाकीची ‘सेंद्रिय’ मंडळी पाहू. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून निघणारं पायरेथ्रम माशांना फार विषारी. रोटेनोन हे झाडाच्या मुळांतलं द्रव्य तर मासे मारायलाच वापरतात. तंबाखूचा काढा नको. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण द्राक्षबागेत उत्तम, पण मोरचुदातलं तांबं मासे आणि गोगलगायी दोघांनाही नडतं. दुकानदाराला बाटली ‘ऑरगॅनिक’ आहे का हे विचारू नका, माशांना चालते का ते विचारा. तो बहुधा गोंधळेल.

मग उरतं काय? पुष्कळ. पण सुरुवात फवाऱ्यापासून करायची नाही. मावा आला की मी आधी माशांच्या खाद्याचा डबा बघतो. आपण हौसेनं जास्त खाद्य टाकतो, पाण्यात नायट्रेट वाढतं, पालवी लुसलुशीत होते, आणि लुसलुशीत पालवी म्हणजे माव्याची पंगत. दुसरी गोष्ट मुंग्या. मावा गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. माझ्या आजीच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. मी वाफ्यांच्या स्टँडखाली त्याच ठेवल्यात, वर साध्या साबणाचा थेंबसुद्धा न टाकता. स्टँडला टेकलेली फांदी मात्र छाटावी लागते, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. आणि तिसरा उपाय नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेचा. मावा खाली पडतो आणि टाकीत पोचलाच तर मासे तो खातात. तरंगत्या तराफ्यावर झाडं असतील तर तराफा उचलून दुसऱ्या टबवर न्यायचा, जे काय फवारायचं ते तिथे, आणि पानं धुऊन झाल्यावरच परत आणायचा. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे लावा, फुलकिड्यांना निळे.

मित्रकिड्यांचं महत्त्व महाराष्ट्राला उसानं शिकवलं. 2002 साली उसावर लोकरी मावा आला. पुरुषभर उंच उसात फवारणार कसं? शेवटी उपयोगी पडली ती मावा खाणारी डिफा नावाची अळी आणि मायक्रोमस नावाचा मित्रकिडा. डिफा असलेली पानं शेतकरी एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधत होते. आपल्या गच्चीवर हे काम ढालकिडा करतो. त्याची अळी काळी, काटेरी, मगरीच्या पिल्लासारखी दिसते, आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. कृपा करून तसं करू नका.

पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी बीटी, म्हणजे अळ्या मारणारा एक जिवाणू. बीटी म्हटलं की कापूस आठवतो. जिवाणू तोच, पण इथे आपण तो थेट पानावर फवारतो. अळीच्या आम्लारी आतड्यात त्याचे स्फटिक विरघळतात, तिचं खाणं थांबतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. माशाच्या आतड्यात हे विष बसायला जागाच नाही. उन्हात त्याचा प्रभाव लवकर जातो, म्हणून संध्याकाळी फवारा. कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी वर्षानुवर्षं तिलापिया, म्हणजे उजनीची आपली चिलापी, आणि लेट्यूस एकाच पाण्यावर वाढवलं. तेही अळ्यांसाठी बीटीच वापरत.

बुरशीकडे येऊ. आधी भुरी (पानावर पांढरी पावडर) आणि केवडा (पानावर पिवळे डाग) या रोगांत फरक करा. केवड्याला ओलं पान लागतं. तिथे पाणी सकाळी द्या, झाडांत अंतर ठेवा. भुरीला ओल्या पानाची गरजच नसते, पुण्याच्या कोरड्या थंडीत काकडी-दोडक्यावर ती हमखास येते. तिच्यावर माझा भरवसा पोटॅशियम बायकार्बोनेटवर, लिटरला 5 ग्रॅम. ते ओघळून पाण्यात गेलं तरी फायदाच. जिवाणूंच्या कामामुळे पाण्याचा सामू (पीएच) घसरत असतो, तो हे सावरतं, आणि माशांच्या खाद्यातून कमी मिळणारं पालाशही, म्हणजे पोटॅशियम, झाडांना मिळतं. स्वयंपाकातला सोडा मात्र नको, त्यातला सोडियम पाण्यात साठत जातो. दुधाचा उपायही खरा आहे. ब्राझीलमध्ये 1999 साली झुकिनीवरच्या भुरीवर त्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, उन्हात फवारायचं. टाकीत सांडलं तर नासतं, एवढं लक्षात ठेवा.

मुळं कुजवणारं पिथियम ही खरं तर बुरशीही नाही, पाण्यात पोहत जाणारी तिची लांबची भावकी. मूळ चिमटीत धरून ओढा. साल निसटून आत दोरा उरला तर समजा, तेच आहे. कोमट आणि हवा कमी असलेलं पाणी त्याला मानवतं. एप्रिल-मेमध्ये आपली काळी टाकी म्हणजे बंबच. तिला पांढरा रंग द्या, वर शेडनेट टाका, हवेचे बुडबुडे सोडणारा आणखी एक दगड (एअर स्टोन) पाण्यात सोडा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घालता येते, पण औषधाआधी सावली.

मागच्या रांगेतल्या काकूंची चिठ्ठी आहे: दशपर्णी अर्काचा (दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काचा) अख्खा ड्रम घरी तयार आहे, त्याचं काय करू? काकू, त्यात कडुनिंब, करंज, कण्हेर आणि वर गोमूत्र. टाकीच्या वाफ्यांवर थेंबही नको. जास्वंदीच्या कुंड्यांना वापरा, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन, वारा टाकीकडे नसताना.