गाडी ठरवताना रेट विचारता, झोप विचारता का?

नमस्कार मंडळी, बाहेर पाऊस धो धो पडतोय आणि तुमच्यातले निम्मे जण नक्की फोनवर गाडी ठरवत असणार, कोकणात जायला, कुणाला गावी आईबाबांना बघायचंय, कुणाला घरभरणी, कुणाला नुसतीच भजी खायला. म्हणून आज याच्यावरच बोलू.

मागच्या जुलैत मी पुण्याहून चिपळूणला निघालो होतो, मामेबहिणीच्या मुलाचं बारसं, अकराचा मुहूर्त. गाडी बुक केली, पहाटे पाचची. काय विचारलं मी फोनवर? किलोमीटरचा रेट किती, टोल धरून का वेगळा, ड्रायव्हर भत्ता किती, वन वे आहे तर परतीचं भाडं लावणार का. झालं. पाचला गाडी दारात, ड्रायव्हरदादा हसतमुख, बॅगा डिकीत. पौड गेलं, मुळशीचं पाणी उजव्या हाताला दिसायला लागलं, पाऊस असा की वायपर फुल स्पीडला आणि तरी समोर दिसेना, आणि गाडी एकदा पांढऱ्या पट्टीवर गेली. म्हटलं असेल. दुसऱ्यांदा गेली. मग आरशात त्यांचे डोळे बघितले मी.

"दादा, रात्री झोपलात ना?"

"हो हो. मुंबईचा ड्रॉप करून रात्री एक वाजता आलो, दोन तास टेकलो की."

दोन तास! आणि पुढं अख्खा ताम्हिणी घाट. त्यांची चूक म्हणू का मी? त्यांनी ट्रिप नाकारली असती तर दुसऱ्याला गेली असती. मोटार कामगारांचा 1961 चा कायदा होता, दिवसाला आठ तास आणि पाच तासानंतर अर्धा तास विश्रांती असं त्यात लिहिलं होतं, पण रात्रीचा ड्रॉप आणि पहाटेचा पिकअप याच्या मधली झोप कुणी मोजत नाही. आपण मोजायची. बुकिंग करताना सरळ विचारायचं, हाच ड्रायव्हर आधीची ट्रिप कधी संपवणार. उत्तर गोलमाल आलं तर दुसरी गाडी बघा, शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि पाट्या बघा हो, पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी. ओळखीच्या कुणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेता, काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच धरून बसतो.

आता रस्ता. पुण्याहून चिपळूणला दोन मार्ग सगळ्यांना माहिती, एक ताम्हिणीतून माणगाव-महाड-कशेडी, दुसरा सातारा-उंब्रज-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट. वरंधा घाटाचा विचार पावसाळ्यात करूच नका, भोर-महाड रस्ता अलर्ट आला की बंद करतात, आणि बंद नसला तरी तिथल्या दरडी काही विचारून कोसळत नाहीत. कोणता मार्ग चांगला ते आदल्या दिवशी ठरत नाही, निघायच्या सकाळी ठरतं. आणि इथं एक गंमत आहे जी बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही, आपण फोनवर पुणे टाकून हवामान बघतो, हलका पाऊस दाखवतो, आपण खूश. पण हवामान खातं पुणे शहर वेगळं सांगतं आणि पुण्याचा घाटमाथा वेगळा सांगतं, साताऱ्याचं पण तसंच. शहरात पिरपिर आणि घाटमाथ्यावर रेड अलर्ट, असं एकाच दिवशी असू शकतं. रेड म्हणजे 24 तासात 204 मिलिमीटरच्या वर पडायची शक्यता, त्या दिवशी घाट नको म्हणजे नको, बारसं असो नाहीतर साखरपुडा.

2021 च्या 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड आली, हे आपल्या कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्याआधी 2016 ला 2 ऑगस्टच्या रात्री महाडचा सावित्रीवरचा जुना ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एसट्या गेल्या. रात्र होती. पूल नाही हे हेडलाईटमध्ये कळेपर्यंत कसा वेळ असणार? म्हणून माझा नियम एकच, घाट आणि मोठी नदी उजेडात ओलांडायची. त्यासाठी पहाटे निघा हे सगळे सांगतात, पण पहाटे निघणारा ड्रायव्हर रात्री झोपलेला असेल तर.

फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी थांबवायची, बास. समोरचा ट्रक गेला म्हणून आपण जायचं नाही, ट्रकचं वजन वेगळं, आपली स्विफ्ट-डिझायर वेगळी, फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलू शकतं. खाली फरशी शाबूत आहे की खचलीय ते तर दिसतच नाही. आणि ड्रायव्हरला "जाईल ओ, जाऊ द्या" असं मागून म्हणणारे आपणच असतो.

टायर स्वतः बघा, लाजायचं काय त्यात, नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या लेव्हलला आला म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला तो नालायक. गोटा झालेला टायर असेल तर निघायच्या आधीच बदलून द्या म्हणायचं. एसी पाच मिनिटं लावून काचेवरची वाफ जाते का बघा. धुक्यात डिपर ठेवा, अप्पर मारला की धुकंच चमकतं, समोरचं काही दिसत नाही. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जायची जी फॅशन आलीय ती बंद करा, मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलात की वळताय. मागच्या सीटवर पण बेल्ट लावा, आजीला पण. अडकलात तर 112 लावा, हायवेवर 1033 पण आहे, पण घाटात रेंज जाते म्हणून चढायच्या आधीच घरी एकाला सांगून ठेवा की आम्ही अमुक ठिकाणाहून निघालो.

तर माझं. मी ड्रायव्हरदादांना म्हटलं, दादा, पुढच्या टपरीवर गाडी लावा, सीट मागं करा आणि झोपा. ते ऐकेनात, म्हणाले साहेब तुमचा मुहूर्त. मी म्हटलं मुहूर्त बाळाचा आहे, आपला नाही. मग टपरीच्या पत्र्याखाली आम्ही चहा घेतला, त्यांनी दोन घोट घेतले आणि गाडीत दीड तास झोपले, घोरत. मी तोपर्यंत दोन प्लेट कांदाभजी संपवली, तेल जरा जुनं होतं पण पावसात कोण बघतंय. मग ताम्हिणी उतरलो, माणगावच्या बाजारात नेहमीसारखे तासभर अडकलो, आणि चिपळूणला पोचलो तेव्हा पेढे वाटून झाले होते. मामी पानात वाढता वाढता म्हणाली, नाव ठेवून झालं रे, तू काय आता झोप काढायला आलास का. म्हटलं नाही मामी, ती वाटेतच काढून आलो. ड्रायव्हरदादा पंगतीत शेजारी बसले होते, त्यांना हसू आवरेना.