बिनपावतीची बॅग

(दृश्य: जून महिना. मोंढ्यात कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी.)

मृग लागला की मराठवाड्यातल्या मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. बीटी कपाशीच्या बॅगेला 2025 च्या हंगामात सरकारनं 901 रुपये कमाल भाव ठरवून दिला होता. याच दिवसांत गावात आणखी एक बॅग फिरते. ती दुकानात मांडलेली नसते. ओळखीचा माणूस घरी आणून देतो, पैसे रोख घेतो, पावती देत नाही.

त्यात तणनाशक मारलं तरी न जळणाऱ्या कपाशीचं बी असतं. या वाणाच्या लागवडीला देशात परवानगी नाही. तरी शेतकरी ते का घेतो? निंदणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर त्यांची मजुरी परवडत नाही. 2019 मध्ये शेतकरी संघटनेनं अकोट तालुक्यात हे बी उघडपणे लावून आंदोलन केलं. गरज खरी आहे, तिला खोटं ठरवायचं नाही. पण या गरजेवर जगणारी टोळी वेगळी.

बी एका राज्यात पिकतं, बॅगा दुसरीकडे छापल्या जातात, माल खासगी बस आणि पार्सलनं येतो, गावात एजंट वाटतो. या वाटेनं बंदी असलेलं बी आलं की निव्वळ बनावट मालालाही तीच वाट मोकळी होते. जिनिंगमधली सरकी रंग लावून भरली, तरी पेरेपर्यंत कोणाला कळणार?

(दृश्य: जालना.)

याच मराठवाड्यातल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये बियाण्याची कंपनी उभी केली. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. बंद बॅगेवर विश्वास ठेवायला शेतकरी अशा कामातून शिकला. बनावट बॅग छापणारा त्याच विश्वासावर पैसा करतो.

फवारणीच्या औषधात तर जीवच जातो. विषबाधा झालेल्याला दवाखान्यात नेलं की डॉक्टर आधी बाटली मागतात. कोणतं विष, त्यावर उतारा कोणता, हे लेबलवरून कळतं. लेबलच खोटं असेल तर उपचार कशाचा करायचा? 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली. ती सगळी औषधं बनावट नव्हती. तरीही अस्सल औषधाचीच एवढी धास्ती असताना, आत काय आहे हेच माहीत नसलेली बाटली पाठीवर घेऊन रानात जायचं, याचा विचार करा.

2021 मध्ये जगात देशोदेशी गेलेल्या बनावट मालाची किंमत 467 अब्ज डॉलर होती, असा अंदाज आहे. अमली पदार्थ विकणाऱ्या टोळ्या या धंद्यातही आहेत, असं संयुक्त राष्ट्रांची गुन्हेविरोधी संस्था 2014 पासून सांगते आहे. नफा मोठा, शिक्षेची भीती कमी.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 111 संघटित गुन्ह्यासाठी आहे. अवैध मालाची तस्करी त्यात येते, किमान शिक्षा पाच वर्षांची. मात्र टोळीचं कृत्य सातत्याचं ठरायला आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली लागतात. आरोपपत्रासाठी तक्रार लागते, तक्रारीसाठी पुरावा. आणि बिनपावतीची बॅग घेतलेला शेतकरी तक्रार करायला घाबरतो, कारण तोच अडकेल असं त्याला वाटतं. उधारीवर माल घेतलेला तर पावती मागायलाही संकोचतो. मग पकडला जातो तो गाडीचा ड्रायव्हर किंवा गावातला एजंट. बॅगा छापणारा पुढच्या हंगामाची तयारी करतो.

2020 मध्ये सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा शेतकरी गप्प बसले नाहीत. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये बियाण्याच्याच खटल्यात सांगितलं आहे.

म्हणून यंदा पेरताना पावती, रिकामी बॅग, तिचा टॅग आणि मूठभर बी बाजूला ठेवा. उगवण झाली नाही, तर पेरणी मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पंचनामा मागा.