त्याच्यावाचून अडेल असं काहीतरी

मागे ऐकू येतंय ना? बरं. मला विषय दिलाय तो असा, की सुट्टीत टीनएजर मुलांना बिझी कसं ठेवायचं. मी पटकन हो म्हणून बसलो, आणि घरी जाऊन विचार करायला लागलो तर त्या ‘ठेवायचं’वरच घोडं अडलं. चार वर्षांच्या पोराला बिझी ठेवता येतं हो, चार डबे आणि एक चमचा दिला की तासभर निश्चिंती. पण पंधरा वर्षांचा मुलगा तुमच्यापेक्षा दोन बोटं उंच झालेला असतो, आणि आपल्याला कुठेतरी अडकवायचा घाट चाललाय हे त्याला आपल्याआधी कळलेलं असतं.

मी बरीच वर्षं शाळेत शिकवतोय. दर सुट्टीच्या तोंडावर पालक भेटतात, तक्रार तीच असते, फक्त आवाजातली धास्ती कमीजास्त. दिवसभर लोळतो, रात्री जागतो, फोन सोडत नाही, काही विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही, सर कुठलातरी क्लास सुचवा. मग क्लास लागतो. सकाळी गिटार, दुपारी कोडिंग, संध्याकाळी स्विमिंग. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, इथे पाचच, सहाव्या दिवसापासून पोट दुखायला लागतं, आणि पुढच्या सुट्टीत ये रे माझ्या मागल्या.

आधी झोपेचं उरकून घेतो, कारण घराघरात सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. वयात येताना शरीरातलं घड्याळ खरोखर पुढे सरकतं. झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन नावाचं हार्मोन या वयात रात्री उशिरा वाढायला लागतं, अगदी दोन तासांपर्यंत उशिरा, त्यामुळे दहाला आडवं केलेलं पोर छताकडे बघत पडून राहतं आणि आपल्याला वाटतं नाटकं करतंय. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुट्टीतलं चक्क झोपेचं शिबिर सुरू केलं. मुलं तिथे राहायला यायची, रात्री दहा तास अंथरुणात, डोक्याला वायरी लावलेल्या, आणि बरीच मुलं पुढच्या वर्षी परत यायची. अपेक्षा अशी की मूल जसं मोठं होईल तशी त्याची झोप कमी होत जाईल. पण मुलं आपली सव्वानऊ तासांच्या आसपास झोपतच राहिली, आणि वयात आलेली मुलं तर एवढं झोपूनही दिवसा लहानांपेक्षा जास्त पेंगत होती. आज झोपेचे डॉक्टर १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास सांगतात. शाळा चालू असताना एवढी झोप किती जणांना मिळते ते तुम्हीच आठवून बघा. तेव्हा सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात पोर दहा वाजेपर्यंत घोरलं तर घोरू दे. दुपारी दोनला दात घासायला सुरुवात झाली की मग लक्ष घाला, आणि तेव्हाही पडदे उघडा, सकाळचा उजेड डोळ्यावर आला की ते घड्याळ मागे येतं. आरडाओरड्याने येत नाही, मी करून बघितलंय.

करून बघितलंय म्हणालो तर आता माझ्याच घरचं सांगतो. मुलगा पंधराचा होता तेव्हा मी सुट्टीचं टाइमटेबल केलं होतं, एक्सेलमध्ये, रंगीत. निळा वाचन, हिरवा व्यायाम, पिवळा ‘छंद’. छंदाला रोज पाच ते सहा वेळ दिली होती, आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. तो कागद फ्रिजवर लावला. चौथ्या दिवशी तो टेबलाखाली सापडला, मागच्या कोऱ्या बाजूवर कुठल्यातरी गेमचे स्कोअर लिहिलेले.

मी चिडलो, पण पुढे एक अभ्यास वाचला आणि जरा ताळ्यावर आलो. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी हायस्कूलमधल्या ७५ मुलामुलींना आठवडाभर पेजर, म्हणजे नुसता संदेश आला की वाजणारं खिशातलं छोटं यंत्र, देऊन ठेवले होते. मोबाइल यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. दिवसभरात मधूनच पेजर वाजायचा, मुलाने त्या क्षणी काय करतोय, लक्ष किती आहे, करावंसं वाटतंय का, असं सगळं वहीत लिहायचं. अशा नोंदींवरून लार्सननी नंतर जे मांडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्गात मुलांचं डोकं चालू असतं पण मन नसतं. मित्रांबरोबर टाइमपास करताना मन असतं पण डोकं फारसं चालत नाही. दोन्ही एकदम चालू असतात ते खेळाचा सराव, नाटकाची तालीम, एखादा छंद, असल्या ठिकाणी, म्हणजे जिथे कुणी जबरदस्ती केलेली नाही पण काम मात्र अवघड आहे आणि त्याला काही नियम आहेत, वेळ पाळावी लागते. माझ्या पिवळ्या रकान्यात काय नव्हतं ते बघा. वेळ होती, नियम होते, फक्त ते सगळे माझे होते.

मग लोक म्हणतात आमिष दाखवू. एक पुस्तक वाचलं की अमुक पैसे. यातही गोची आहे. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी दिली होती. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले, पुढच्या सत्रात बंद केले. दर सत्रात मध्येच हा माणूस काहीतरी कारण काढून आठ मिनिटं खोलीबाहेर जायचा, टेबलावर मासिकं ठेवलेली, आणि मुलं त्या मोकळ्या वेळात काय करतात ते गुपचूप बघितलं जायचं. ज्यांना पैसे मिळून बंद झाले, त्यांनी कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. ज्यांना कधीच मिळाले नव्हते त्यांचं तसं झालं नाही. म्हणून म्हणतो, वाचायला पैसे देऊ नका, गाडी धुवायला द्या. गाडी धुणं कुणालाच मनापासून आवडत नाही, त्यामुळे तिथे बिघडण्यासारखं काही नसतं.

आता सायकलची गोष्ट. त्याच सुट्टीत शेजारच्या आजींकडे एक जुनी सायकल गंजत पडलेली होती, आणि त्यांच्या ओळखीतल्या एका मुलीला शाळेत जायला ती हवी होती. आजींनी मला न विचारता थेट माझ्या मुलाला विचारलं, तुला जमेल का रे, शाळा उघडायच्या आत? तो हो म्हणाला. मला वाटतं नाही म्हणायचं सुचलं नसावं. पहिल्या दिवशी ट्यूब काढली, हवा भरून बादलीत बुडवली, बुडबुडे दिसले तिथे पेनने खूण केली, पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावलं आणि ते ओलं असतानाच वर पॅच चिकटवला. दोन तासांत चाक बसलं, आणि रात्रीत पुन्हा सपाट. सोल्युशन चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं असतं, बोट लावलं तर नुसतं चिकट लागायला हवं, हे त्याला सांगायला माझी जीभ वळवळत होती. गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर तीन व्हिडिओ बघितले आणि स्वतःच येऊन मला सांगितलं, बाबा वाळवायचं असतं ते, जसं काही मला माहीतच नव्हतं.

मग मी माती खाल्ली. मागचा ब्रेक त्याला जमत नव्हता, केबल ताणली की चाक घासायचं, सैल केली की ब्रेक लागायचा नाही, दोन दिवस नुसती चिडचिड. एका रात्री तो झोपल्यावर मी खाली जाऊन दहा मिनिटांत ब्रेक सेट करून टाकला. मदतच करत होतो ना! सकाळी त्याने ब्रेक दाबून बघितला, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, आणि पुढचे चार दिवस सायकलला हात लावला नाही. मी समजावलं, सॉरी म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. पाचव्या दिवशी ती मुलगी आली आणि दारातूनच विचारलं, झाली का दादा? एवढंच. संध्याकाळी तो पाना घेऊन बसला, आधी मी लावलेला ब्रेक सोडवला आणि मग आपला लावला.

त्याचा ब्रेक माझ्याइतका चांगला नव्हता, खरं सांगतो. पण लागत होता. मी एकदा चालवून बघितली, तेवढा बाप म्हणून हक्क राखून ठेवला होता.

मला आज सांगायचंय ते एवढंच आहे, की या वयातल्या पोराला असं एक काम मिळायला हवं जे त्याने केलं नाही तर होणारच नाही, आणि ज्याची वाट आईबापांखेरीज दुसरं कुणीतरी बघतंय. आपण वाट बघतो त्याला काही किंमत नसते, आपण जन्मापासून बघतोय. क्लासमध्ये हेच नसतं. तुम्ही गिटारच्या क्लासला गेला नाहीत तर क्लासचं काही अडत नाही, फी भरलेली असते. पण तुमच्या बँडमध्ये तुम्ही एकटेच गिटार वाजवणारे असाल तर अडतं. आजोबांना नवा फोन शिकवायचा, लहान पोरांची टीम सांभाळायची, घरातले सुटे फोटो स्कॅन करून मागे कोण कोण आहे ते विचारून लिहायचं (आणि सांगणारी माणसं आहेत तोवर लिहायचं), कायद्यात बसत असेल तिथे पगाराचं खरं काम करायचं. शिकागोमध्ये २०१२ च्या उन्हाळ्यात गरीब, गुन्हेगारी असलेल्या वस्त्यांतल्या मुलांना आठ आठवड्यांचं पार्टटाइम काम दिलं होतं, कुणाला मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना करता यावी. पुढच्या १६ महिन्यांत काम मिळालेल्यांच्यात मारामारी-हाणामारीच्या गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या. यातला बराचसा फरक काम संपल्यानंतरच्या महिन्यांतला होता.

इथे एक गोष्ट मध्येच बोलून घेतो, आयोजकांनी माफ करावं. हे सगळं ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर मुलगा आला की मुलगी? बऱ्याच घरांत मुलीला सुट्टीत कुणी ‘गुंतवत’ नाही, कारण ती आधीच भांडी, धाकटा भाऊ आणि पाहुणे यांत गुंतलेली असते. तिच्यावाचून अडतं हे खरंच, पण ते तिने निवडलेलं नसतं. तिच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे तिचे चार तास मोकळे करा आणि त्याचं काय करणार हे विचारू नका.

मित्रांचं थोडक्यात. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेमवर दाखवलं होतं, की १३ ते १६ वयाची मुलं दोस्त बाजूला असले की एकटी असतानापेक्षा बरीच जास्त रिस्क घेतात, मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. म्हणून दोस्त बंद करायचे का? अजिबात नाही. टोळकं आपल्याच घरात जमू द्या, पसारा सहन करा, आणि तुम्ही हाकेच्या अंतरावर पण नजरेआड असा.

फोनवर मी मुद्दामच जास्त बोलत नाही. पॅच वाळवायला त्याला फोननेच शिकवलं. आमच्याकडे एकच नियम टिकला, रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे माझासुद्धा, आणि पहिल्या आठवड्यात चोरून उठणारा मीच होतो.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, अभ्यासाचं काय, सगळं विसरतात. हॅरिस कूपर नावाचे अमेरिकेतले संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यास धुंडाळून सांगितलं होतं, की मोठ्या सुट्टीत सरासरी महिनाभराचं शिकलेलं मागे पडतं, गणितात जास्त. पुढे या मोजमापावर बरेच वाद झाले. माझ्या वर्गातला अनुभव म्हणाल तर दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते. अगदीच जीव राहत नसेल तर रोज वीस मिनिटं गणित करून घ्या, सकाळी नको, तो झोपलेला असेल.

अजून एक चिठ्ठी आहे. मुलगा अजून सायकली दुरुस्त करतो का? नाही हो. त्या सुट्टीनंतर एकही नाही. पण माझा पंधरा नंबरचा पाना त्याच्या पलंगाखाली गेला तो अजून परत आलेला नाही, परवा मला हवा होता तर मागायला गेलो, म्हणाला, कशाला हवाय ते आधी सांगा.